मार्चमधला फुगवटा : फॉन्टाना तलावावरची होडीतली भटकंती

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला, ग्रेट स्मोकी पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी फॉन्टाना तलाव आहे. तलाव म्हणतात, पण आहे तो धरणाचा फुगवटा. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमसाठी वीज हवी होती. त्यासाठी १९४२ ते १९४४ या काळात रात्रंदिवस पाळ्या लावून लिटल टेनेसी नदीवर ४८० फूट उंचीचे काँक्रीटचे धरण बांधण्यात आले. अमेरिकेच्या पूर्व भागात एवढे उंच धरण दुसरे नाही. त्यामागे नदीचे पाणी सुमारे ४७ किलोमीटर लांबवर डोंगरांत शिरले आणि प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात त्याचा एकेक अरुंद फाटा तयार झाला. उत्तरेचा काठ राष्ट्रीय उद्यानात येतो, दक्षिणेचा बहुतांशी सरकारी राखीव जंगलात. त्यामुळे किनाऱ्यावर घरे फार थोडी दिसतात. वल्ह्यांची होडी, कनू, कयाक किंवा छोट्या शिडाची नाव घेऊन दोन दिवस फिरायला यापेक्षा निवांत पाणी या भागात मिळणे कठीण.

मार्चअखेरीस इथे जाणाऱ्याने आधी पाण्याची पातळी पाहावी. हे धरण टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. (स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ याच प्राधिकरणाच्या नमुन्यावर उभे राहिले.) हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला तिथे मोठे पाऊस पडतात. ते पाणी अडवून चॅटानूगासारख्या खालच्या शहरांना पुरापासून वाचवायचे, तर धरणात जागा रिकामी लागते. म्हणून उन्हाळा सरला की तलाव उतरवत नेतात, आणि तो थोडाथोडका नव्हे, पन्नास फुटांहून अधिक उतरतो. वसंतात पुन्हा भरायला घेतात आणि जूनच्या सुरुवातीला तो समुद्रसपाटीपासून १,७०० फुटांच्या आसपासच्या पूर्ण पातळीला येतो. म्हणजे मार्चमध्ये तलाव अर्धवट चढलेला असतो. पाणी आणि झाडी यांच्यामध्ये मातीचा, खडकांचा उघडा पट्टा दिसतो. होडी उतरवण्याचे काही काँक्रीटचे उतार पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फाट्यांच्या तोंडाशी चिखल लागतो आणि वाहून आलेले ओंडके पाण्यावर तरंगत असतात. नकाशावर दिसणारा काठ हा पूर्ण भरलेल्या तलावाचा असतो. त्यामुळे निघण्याआधी त्या दिवशीची पातळी पाहणे भागच आहे. ती रोज जाहीर होते.

पातळीपेक्षाही महत्त्वाचा आहे पाण्याचा गारठा. हवा आठवड्याभरात बदलते. दुपारी उबदार ऊन पडते आणि अंगातला स्वेटर नकोसा होतो. एवढा मोठा, खोल साठा मात्र हिवाळाभर निवलेला असतो आणि तापायला त्याला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे मार्चमध्ये पृष्ठभागाचे पाणी साधारण दहा अंश सेल्सियसच्या आसपास असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिला धोका गारठून जाण्याचा नसतो. अंगाला गार पाणी लागताच श्वास झटक्याने आत ओढला जातो आणि धाप लागते. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी सांगितलेला हिशेब ध्यानात ठेवावा : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत एक तास. पाणी त्याहून किंचित उबदार असले तरी क्रम हाच राहतो. लाइफ जॅकेट होडीत ठेवलेले उपयोगाचे नाही, ते अंगावरच हवे. कपडेही पाण्याचा गारवा धरून निवडावेत. उन्हाकडे पाहून कपडे निवडणारा माणूस या ऋतूत फसतो.

वाऱ्याचे वेळापत्रक डोंगर ठरवतात. रात्री उतारांवरची हवा थंड आणि जड होऊन खोऱ्यात उतरते. सकाळी पाणी बहुधा स्थिर असते. दुपारी ऊन लागून उतार तापले की वारा खोऱ्यातून वर चढू लागतो. त्यातच वसंतात एखादी थंड हवेची आघाडी येऊन गेली, तर दिवसभर झोत सुटतात. अरुंद खोऱ्यात वारा वळणावळणाला दिशा बदलतो आणि एखाद्या सोंडेआड एकदम पडतो. म्हणूनच इथे नुसत्या शिडावर भिस्त ठेवत नाहीत, वल्ही जोडीला असतात. सूर्यही पश्चिमेच्या कड्याआड लवकर जातो. घड्याळात संध्याकाळ व्हायला अवकाश असला तरी पाण्यावर सावली आणि गारठा उतरलेला असतो, तेव्हा मुक्कामाला त्याआधीच पोहोचलेले बरे.

एवढी काळजी घेऊन जे पाहायला मिळते, ते वर्षात पुन्हा मिळत नाही. झाडांना पाने फुटलेली नसतात, त्यामुळे होडीतून डोंगराची एकेक सोंड, एकेक घळ उघडी दिसते. काठावर निष्पर्ण फांद्यांवर सर्व्हिसबेरीचा पांढरा आणि रेडबडचा जांभळट गुलाबी फुलोरा येतो. तेव्हा साडेसहा हजार फुटांहून उंच माथ्यांवर बर्फ असू शकते. जंगलाच्या तळाशी ब्लडरूट, हिपॅटिका, ट्रिलियम अशा वनस्पती फुलतात. पानांची छत्री मिटून ऊन बंद होण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत त्यांना फुलणे आणि पुढच्या वर्षासाठी अन्न साठवणे उरकायचे असते.

पहिल्या रात्रीसाठी हेझल क्रीकचे मुख उत्तम. दक्षिण काठावरच्या केबल कोव्हहून समोरच्या काठाला जायचे. राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला आधी परवाना काढावा लागतो. अस्वलांमुळे खाण्याचे सगळे सामान तळावर बसवलेल्या तारेवर उंच टांगावे लागते. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही : तलाव भरत असतो. रात्री डोंगरात पाऊस झाला तर सकाळपर्यंत पाणी चढते. काठावर जेमतेम ओढलेली होडी तेव्हा आपोआप तरंगून निघून जाते. म्हणून ती बरीच वर घेऊन झाडाला बांधावी.

ओढ्याने वर चालत गेले की प्रॉक्टर लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिटर लाकूड कंपनीची गिरणी इथे होती आणि गाव गजबजलेले होते. आता एक घर, काही अवशेष आणि दफनभूमी उरली आहे. धरणासाठी सुमारे १,३०० कुटुंबांना हलावे लागले. उत्तर काठाचा रस्ता पाण्याखाली गेला. नवा रस्ता बांधून देऊ, असे सरकारने १९४३ च्या करारात लिहून दिले होते. काही मैल रस्ता आणि एक बोगदा झाला, पुढचे काम थांबले. अखेर २०१० मध्ये रस्त्याऐवजी स्वेन काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले. धरणग्रस्तांना दिलेला शब्द असा सदुसष्ट वर्षे लोंबकळावा, हे त्या सरकारला शोभणारे नव्हते. पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहायला वंशज आजही तलाव ओलांडून येतात.

परतीचा दिवस पहाटे सुरू करावा. दुपारचा वारा उठण्याआधी रुंद पाणी ओलांडून दक्षिण काठ गाठायचा आणि वारा लवकर सुटला तर उघड्यावर न जाता जवळच्या फाट्यात थांबायचे. होडी गाडीवर चढवण्यापूर्वी तिच्यातले पाणी काढून टाकावे, बुडाला चिकटलेला चिखल आणि पाणवनस्पती धुऊन ती वाळू द्यावी, म्हणजे एका तलावातली उपद्रवी बीजे दुसऱ्यात जात नाहीत.