बाळ रडलं नाही, तर?

तेलंगणातल्या तलमडुगुहून उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांवर मोलाचं संशोधन केलं. संशोधकाची कामगिरी तोलताना लोक निबंध मोजत बसतात. खरं तर एका निबंधातून दुसरा कसा निघाला, ते बघावं.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बंग दांपत्याचा गाजलेला निबंध आला: ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरीच बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. मग एकेका कारणाचा तपास. २००५च्या ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’तला एक निबंध जन्मतः गुदमरलेल्या बाळांचा आहे. श्वास सुरू झाला नाही की मेंदूचा प्राणवायू तुटतो, मिनिटागणिक इजा वाढते. अशा वेळी बाळाच्या नाकातोंडावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबत हवा भरायची. हे काम गावातली बाई शिकू शकते, हेच मला त्या निबंधाचं खरं बळ वाटतं.

इजा होऊन गेल्यावर काय? श्रीमंत देशांत बाळाचं शरीर ७२ तास थंड ठेवतात. हाच उपचार आपल्याकडे तपासणाऱ्या, भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीत मुंबईचं शीव रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निकाल छापला: थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, इतरांपैकी ३१. अशा देशांत हा उपचार देऊ नये, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं.