दूध येत नाही म्हणण्याआधी : पहिल्या आठवड्यातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामती आणि इंदापूर हा दुधाचा पट्टा. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. चीक चुकला तर वासरू टिकायचं नाही, हा गोठ्यातला पक्का नियम. पण त्याच घरात लेक किंवा सून बाळंत झाली की काही ठिकाणी अजूनही तिचा चीक पिळून टाकतात. बाळाला मध चाटवतात, वाटीभर गाईचं दूध पाजतात आणि तिसऱ्या दिवशी निकाल लावून मोकळे होतात, "हिला दूधच नाही."

बहुतेक बाळंतपणं आता घरी होत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. तरीही जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्केच होती. म्हणजे दवाखाना गाठला, पण पाजण्याचा पहिला तास बऱ्याच जणींच्या हातून निसटला. पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक अडचणी आईच्या शरीरातल्या दोषामुळे येत नाहीत. बाळाला नीट छातीला न लावणं, मधेच वरचं दूध देणं आणि घरच्यांची घाई यांतून त्या उभ्या राहतात.

गैरसमज १ : पहिलं पिवळं दूध जड असतं, ते बाळाला बाधतं.

वस्तुस्थिती : चीक घट्ट आणि पिवळसर दिसतो, पण तो जड नसतो. त्यात रोगाशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात. त्याने बाळाच्या पोटातली पहिली काळी शी लवकर बाहेर पडते आणि काविळीचा जोर कमी राहायला मदत होते. चीक थोडाच असतो, एका वेळेला चमचाभर. पहिल्या दिवशी बाळाची गरजही तेवढीच असते.

गैरसमज २ : दूध उतरेपर्यंत मध, साखरपाणी किंवा गाईचं दूध द्यावं.

वस्तुस्थिती : भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरतं. तोवर चीक पुरतो. जन्मानंतरच्या दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची समजतात. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. घट दहा टक्क्यांवर गेली तर डॉक्टरांना दाखवावं.

मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये. त्यात असू शकणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू तान्ह्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, ग्राइप वॉटर, ग्लुकोजचं पाणी यांचीही गरज नसते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब एवढाच त्याला अपवाद. इंदापुरातल्या एप्रिल-मेच्या उन्हातही वरचं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. बाळाला तहान लागली असं वाटलं तर छातीला लावावं.

गैरसमज ३ : बाळ सारखं रडतं, म्हणजे दूध पुरत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. संध्याकाळी तर अर्ध्या-अर्ध्या तासाला मागतं. ओलं झालं, उकडलं, कुशीत यायचं असलं तरी ते रडतंच. दूध पुरतं की नाही हे लघवीवरून ओळखायचं. पाचव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी झाली, शी काळ्याची हिरवट आणि मग पिवळी झाली आणि वजन वाढू लागलं, तर दूध पुरतंय.

दूध मागणीप्रमाणे बनतं. बाळ जितकं ओढेल, स्तन जितका रिकामा होईल, तितकं नवं दूध तयार होतं. डब्याच्या दुधाने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, म्हणून पुढच्या वेळेला दूध खरंच कमी येतं आणि घरच्यांना वाटतं, आपलंच खरं होतं. रात्रीचं पाजणं टाळू नये, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. पान्हा मात्र मनावर अवलंबून असतो. दुखणं, भीती आणि टोमणे यांनी तो अडतो. म्हणून "तुला येतच नाही" हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत कुणी उच्चारू नये.

गैरसमज ४ : सिझेरियन झालं की दूध येत नाही.

वस्तुस्थिती : पाठीत इंजेक्शन देऊन सिझेरियन झालं असेल तर आई जागीच असते आणि बाळाला लवकर छातीला लावता येतं. दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो, पण ते येतं. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर निजून पाजावं, किंवा बाळाला काखेखाली धरून त्याचे पाय मागे सोडावेत. बाळ उचलून देणारं माणूस मात्र रात्रीही जवळ हवं.

गैरसमज ५ : पाजताना दुखणारच, चिरा पडणारच.

वस्तुस्थिती : सुरुवातीला थोडं हुळहुळतं. पण प्रत्येक वेळी कळ येत असेल, बोंडशीला चिरा पडत असतील, तर बाळ नुसती बोंडशीच ओढतंय असं समजावं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. भोवतीचा काळा भाग तोंडाच्या वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसायला हवा. तसं नसेल तर बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. पाजून झाल्यावर शेवटचं थोडं दूध चिरेवर लावून वाळू द्यावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दाटून दगडासारखे होतात. पाजण्याआधी कोमट शेक द्यावा, थोडं दूध हाताने पिळून काढावं म्हणजे बाळाला पकड मिळते. पाजल्यावर गार पट्टी ठेवावी. एखादा भाग लाल, कडक झाला आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांकडे जावं, पण पाजणं थांबवू नये. थांबवलं तर दूध साठून त्रास वाढतो.

गैरसमज ६ : उन्हातून, कामावरून आल्यावर दूध तापलेलं किंवा नासलेलं असतं.

वस्तुस्थिती : स्तनातलं दूध तापत नाही, नासतही नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामात ऊसतोडीच्या फडावर तान्ही लेकरं घेऊन आलेल्या आया असतात. फडातून आल्यावर हात धुवावेत, पाणी प्यावं आणि सरळ पाजावं. कामावर जाणाऱ्या आईने दूध हाताने काढून उकळलेल्या स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावं. ते बाहेर चार तासांपर्यंत आणि फ्रीजमध्ये चोवीस तास चालतं. कडक उन्हाळ्यात बाहेर त्याहून कमी वेळ ठेवावं. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावं. एमआयडीसीत किंवा कार्यालयात कामाला असणाऱ्या आईला कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते.

गैरसमज ७ : बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, डाळी-भाज्या टाळाव्यात, आईला सर्दी-ताप असेल तर पाजू नये.

वस्तुस्थिती : पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात. अळिवाचे, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, खारीक-खोबरं हा आपला बाळंतिणीचा आहार चांगलाच आहे. त्याला डाळ, पालेभाजी, अंडी, फळं यांची जोड द्यावी आणि तहानेप्रमाणे पाणी प्यावं. मात्र नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही, ते बाळाच्या ओढण्याने वाढतं. साध्या सर्दी-तापात पाजणं चालू ठेवावं, कारण आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिकारद्रव्यं दुधातून बाळालाही मिळतात. एचआयव्ही, कर्करोगाची औषधं अशा मोजक्या बाबतींत मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावं.

गैरसमज ८ : बाळ अशक्त, दिवसाआधी जन्मलेलं असेल तर डबाच बरा.

वस्तुस्थिती : अशा बाळाला आईच्या दुधाची गरज जास्तच असते. ओढता येत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा नळीने देतात. आईचं मिळेना तर दुसऱ्या आयांनी दान केलेलं, तपासलेलं, निर्जंतुक केलेलं दूध देता येतं. आशियातली पहिली मानवी दूध पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आणि आयांना त्याचे मोफत नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

हे दिसलं तर वाट पाहू नका

बाळ सुस्त आहे, पाजायला उठत नाही. अंग तापलंय किंवा गार पडलंय. पाचव्या दिवसानंतर लघवी सहापेक्षा कमी वेळा होते. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसतो किंवा तळहात-तळपाय पिवळे पडतात. अशा वेळी बारामतीचं महिला रुग्णालय, इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. १०२ क्रमांकाची गाडी बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी मोफत आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. त्या वेळी तिच्यासमोर बाळाला पाजून दाखवा, पकड बरोबर आहे का ते विचारा. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक असेल तर तिथल्या आशाताईला आधीच कळवून ठेवा.

आणि घरातल्या आज्यांना एक विनंती. पहिले सात दिवस बाळंतिणीच्या हातातून घरकाम काढून घ्या, बाळ तिच्या कुशीत ठेवा आणि वरच्या दुधाची वाटी स्वयंपाकघरातच राहू द्या.