विश्लेषण : ट्रॅकवर वेळ कोण कमी करतो? महागडा टायर की सरावलेला चालक?

स्वतःची रोजची कार किंवा मोटारसायकल घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे आणि घड्याळाशी स्पर्धा करायची, हा छंद देशात रुजतो आहे. एकदा ट्रॅकवर जाऊन आलेल्या बहुतेक हौशी चालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अधिक पकड असलेले टायर घेतले तर किती सेकंद कमी होतील? प्रश्न पैशांचा आहे, तसाच सुरक्षिततेचाही. टायर आणि अनुभव यांचा वेळेवर नेमका कसा परिणाम होतो, याचा आढावा.

‘ट्रॅक डे’ म्हणजे काय?

ट्रॅक डे ही शर्यत नसते. शुल्क भरून ठरलेल्या दिवशी, बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून, छोट्या सत्रांमध्ये गाडी चालवायची असते. चालकांचे अनुभवानुसार गट केले जातात आणि कोठे ओव्हरटेक करायचे याचे नियम असतात. भारतात त्यासाठी प्रामुख्याने तीन ठिकाणे ओळखली जातात : चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या त्या बुद्ध सर्किटवरच. पुण्या-मुंबईचे हौशी चालकही त्यासाठी चेन्नई-कोइम्बतूर गाठतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे गाडीचा खरा वेग अजमावण्याची योग्य जागा ट्रॅक हीच.

टायर वेळ कसा वाचवतो?

इंजिन कितीही ताकदवान असो, गाडी रस्त्याला टेकलेली असते ती फक्त चार ठिकाणी आणि त्यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. वेग वाढवणे, ब्रेक लावणे, वळणे ही तिन्ही कामे याच चार तळहातांच्या पकडीवर होतात.

एक साधे गणित पाहू. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर रस्त्यावरच्या चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर गाडी जास्तीत जास्त ७६ किलोमीटर प्रतितास वेगाने वळू शकते. ट्रॅकसाठीच्या मऊ रबराच्या टायरचा घर्षणांक १.१ धरला, तर हीच मर्यादा ८४ वर जाते. ताशी १५० वरून ६० पर्यंत वेग उतरवायला पहिल्या टायरला सुमारे ८३ मीटर लागतात, दुसऱ्याला ६८. म्हणजे ब्रेक १५ मीटर उशिरा लावता येतो. फेरीत अशी दहा-बारा वळणे असतील तर वाचलेला वेळ नजरेत भरतो.

मात्र पकड २२ टक्क्यांनी वाढली म्हणून वेळ २२ टक्क्यांनी घटत नाही. वळणातला वेग वाढतो तो सुमारे १० टक्क्यांनी. आणि फेरीचा मोठा भाग असतो सरळ पट्ट्यांचा. तिथे मर्यादा इंजिनाची असते, टायरची नव्हे.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

अनेक टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे २००, ३०० किंवा ४०० असा आकडा कोरलेला असतो. ही अमेरिकेतील प्रतवारी पद्धत आहे. टेक्सासमधील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक मार्गावर टायर एकूण साधारण ११,६०० किलोमीटर पळवला जातो आणि त्याची झीज एका प्रमाणित टायरशी ताडून पाहिली जाते. प्रमाणित टायर १०० मानला, तर ४०० म्हणजे चाचणीत चौपट टिकाऊ.

हा आकडा झिजेचा आहे, पकडीचा नाही. मऊ रबर सहसा लवकर झिजते आणि रस्ता घट्ट धरते, म्हणून कमी आकडा पाहून पकडीचा अंदाज बांधला जातो. अमेरिकेतील अनेक हौशी स्पर्धांमध्ये किमान २०० चे बंधन असते, तेही याच तर्काने. पण अंतिम आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे ‘२००’ सारखेच असतील याची खात्री नसते.

त्याहून महत्त्वाचे आकडे दोन. पहिला, वेगमर्यादेचे अक्षर : ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर. दुसरा, उत्पादनाचा चार अंकी संकेत : ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उन्हातान्हात राहिलेले रबर कडक होते आणि त्याची पकड कमी होते.

अनुभवी चालक वेगळे काय करतो?

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ब्रेक, वळण आणि वेगवाढ या तिन्ही खर्चांना पैसा एकाच खात्यातून जातो. नवशिका चालक एका वेळी एकच खर्च करतो. तो लवकर ब्रेक लावतो, पूर्ण सोडतो, काही क्षण गाडी नुसती घरंगळू देतो, मग स्टिअरिंग फिरवतो. प्रत्येक टप्प्यात थोडी थोडी पकड वापराविना पडून राहते.

अनुभवी चालक ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरतो. यामागे भूमिती आहे. ब्रेकसाठी ८० टक्के पकड वापरली, तर वळण्यासाठी २० टक्के नव्हे, सुमारे ६० टक्के उरते. दोन दिशांच्या बलांची सरळ बेरीज होत नाही, त्यांचा हिशेब काटकोन त्रिकोणासारखा मांडावा लागतो. हा हिशेब तो कागदावर करत नाही. सीट, स्टिअरिंग आणि पॅडलमधून येणाऱ्या सूचना त्याला कळतात.

दुसरा फरक वळणातून बाहेर पडतानाचा. समजा, वळणानंतर ४०० मीटरचा सरळ पट्टा आहे आणि दोन सारख्या गाड्या सारख्याच गतीने वेग वाढवतात. एक गाडी वळणातून ताशी ७२ ने बाहेर पडली, दुसरी ७७ ने. गाडीने दर सेकंदाला वेग ताशी साधारण सात किलोमीटरने वाढवला असे धरले, तर फक्त या पट्ट्यावर दुसरीला जवळपास चार दशांश सेकंदांचा फायदा होतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक ‘आत हळू, बाहेर जोरात’ हा धडा आधी देतात. वळणात घाईने शिरून मिळवलेला क्षण पुढच्या संपूर्ण पट्ट्यावर गमावला जातो.

तिसरा फरक सातत्याचा. नवशिक्याच्या लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये काही सेकंदांचा चढउतार असतो. मुरलेल्या चालकाच्या फेऱ्या काही दशांश सेकंदांच्या आत राहतात.

चालकामुळे किती फरक पडू शकतो?

याचे गाजलेले उदाहरण जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरचे. तिथला सुमारे २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ हा जुना मार्ग पैसे भरून सामान्य चालकांनाही वापरता येतो. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनी तिथे डिझेल जॅग्वार एस-टाइप चालवली आणि सरावानंतर ९ मिनिटे ५९ सेकंदांची वेळ नोंदवली. त्यांना शिकवणाऱ्या सबिन श्मिट्झ यांनी हीच गाडी ९ मिनिटे १२ सेकंदांत फिरवून आणली. गाडी तीच, फरक ४७ सेकंदांचा.

पुढे श्मिट्झ यांनी फोर्डची डिझेल मालवाहू ट्रान्झिट व्हॅन घेऊन १० मिनिटे ८ सेकंदांची फेरी मारली. म्हणजे क्लार्कसन यांच्या जॅग्वारपेक्षा केवळ नऊ सेकंद जास्त. श्मिट्झ याच परिसरात वाढलेल्या. १९९६ आणि १९९७ मध्ये त्यांनी इथली २४ तासांची शर्यत जिंकली होती. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. लांब आणि वळणावळणाच्या मार्गावर ट्रॅकची ओळख किती मोलाची ठरते, हे या आकड्यांतून दिसते.

मग चांगल्या टायरचा नवशिक्याला उपयोग नाही का?

उपयोग होतो, पण वाटतो तेवढा नाही. वरच्याच वळणाचे उदाहरण घेऊ. नवशिका चालक टायरच्या क्षमतेपैकी ७० टक्केच वापरत असेल, तर तो ७६ ऐवजी ६३ च्या वेगाने वळतो. त्याच्या आहे त्याच टायरमध्ये ताशी जवळपास १२ किलोमीटरची शिल्लक पडून आहे. महागडा टायर या मर्यादेत भर घालतो ती आठची. हातात असलेली शिल्लक न वापरता वरची मर्यादा वाढवणे, असा हा व्यवहार होतो. विश्वास वाढल्याने त्याचा वेळ थोडा घटेलही, पण त्याचे वाहनकौशल्य तेवढेच राहील.

यात धोकाही आहे. साधा टायर मर्यादेजवळ आला की बहुतेकदा किंचाळतो आणि हळूहळू घसरू लागतो. चुकीची जाणीव कमी वेगात आणि वेळेत होते. अधिक पकडीचे टायर अनेक चुका पोटात घालतात, आणि सुटतात तेव्हा सावरायला कमी अवधी देतात. त्यात वेग आधीच जास्त असतो. ताशी ७६ ऐवजी ८४ च्या वेगाने ट्रॅकबाहेर गेलेल्या गाडीत सुमारे २२ टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय वाढलेल्या पकडीचा भार ब्रेक, सस्पेन्शन आणि चाकांच्या बेअरिंगवरही पडतो. सर्वसाधारण मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांतील नुकसान वगळलेले असते. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग जरूर वाचावा.

वेळ टायरमुळे कमी झाला की सरावामुळे, हे कसे ओळखायचे?

ट्रॅकवरच्या पहिल्या दिवशी चालकाचा वेळ सत्रागणिक कमी होतच जातो, कारण ट्रॅक ओळखीचा होत असतो. दुपारी टायर बदलले आणि वेळ घटला, तर श्रेय टायरला दिले जाते. सकाळचेच टायर ठेवले असते तरी त्यातला बराच वेळ घटला असता. ही गफलत टाळण्यासाठी काही गोष्टी करता येतात.

• जुने, नवे आणि पुन्हा जुने या क्रमाने टायर लावून पाहावे. शेवटच्या सत्रातही वेळ कमीच राहिला, तर तेवढा वाटा सरावाचा.

• एकाच सर्वोत्तम फेरीवर विसंबू नये. अडथळा न आलेल्या पाच-सहा फेऱ्यांमधली मधली वेळ पाहावी.

• हवेचा दाब गरम टायरमध्ये मोजावा. टायरमधील हवा १० अंश सेल्सिअसने तापली की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. थंड टायरमध्ये ३२ असलेला दाब काही फेऱ्यांत ३६ च्या वर जाऊ शकतो आणि मग चांगला टायरही घसरू लागतो.

• इंधन सारखे ठेवावे. २० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १५ किलो भरते.

• वेळ मोजणारे मोबाइल अ‍ॅप वापरताना फोन घट्ट बसवावा. साध्या फोनचे जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा नोंदवते. ताशी १०० च्या वेगाने गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे जाते. एक-दोन दशांश सेकंदांच्या फरकावर त्यामुळे फार भरवसा ठेवू नये.

ट्रॅकचे तुकडे पाडून पाहिले तर आणखी उलगडा होतो. टायरचा फायदा बहुतेक सगळ्या वळणांत थोडा थोडा दिसतो. सरावाचा फायदा एकेका वळणात, उडी मारल्यासारखा येतो.

पैसे आधी कुठे खर्च करावेत?

ताजे ब्रेक ऑइल, पुरेसे जाड ब्रेक पॅड आणि न फुगलेले, न चिरलेले, फार जुने नसलेले टायर ही पहिली पायरी. यात तडजोड नको. पावसाळी दिवशी तर नक्षीची खोली अधिक महत्त्वाची. झिजलेला टायर कोरड्या ट्रॅकवर वेगवान वाटू शकतो, पण पाण्यावर तोच तरंगतो. दुसरी पायरी शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसवण्याची. पुणे-मुंबईच्या आसपासचे कार्टिंग ट्रॅकही ब्रेक आणि वळण यांचा ताळमेळ शिकण्यासाठी कमी खर्चाची शाळा आहेत.

मऊ रबराचे टायर घेण्याची वेळ कधी येते, याची खूण सोपी आहे. आहे त्याच टायरवर लागोपाठच्या फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागल्या, प्रशिक्षकाने तीच गाडी चालवूनही फारसा फरक पडेनासा झाला, तर मर्यादा आता टायरची आहे. प्रशिक्षक त्याच गाडीत, त्याच टायरवर पाच सेकंद कमी घेत असेल, तर ते पाच सेकंद दुकानात मिळणार नाहीत.