जहाजाचं इंधन आणि आपली पऱ्हाटी

 

आज आपण जहाजांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, अमळनेरात आपली बोरी नदी, तीही उन्हाळ्यात कोरडी, मग जहाजांशी आपलं काय देणंघेणं? देणंघेणं आहे. रावेर-यावलची केळी थंड कंटेनरमधून न्हावा शेवाच्या बंदरात जाते आणि तिथून जहाजानं आखाती देशांत पोचते. जहाजाचं इंधन महागलं की भाडं वाढतं, आणि त्याचा भार फिरून फिरून शेतमालाच्या भावावर येतो. दुसरं म्हणजे, जहाजांसाठी जे नवं इंधन पुढे येतंय ते शेतातल्या काडीकचऱ्यातूनही बनू शकतं. त्या इंधनाचं नाव मिथेनॉल.

मोठी जहाजं आज बहुतेक जड तेल जाळतात. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झालं की तळाशी जो गाळ राहतो, तेच हे तेल. डांबरासारखं घट्ट असतं, गरम केल्याशिवाय पाइपातून वाहत नाही. त्यात गंधक असतं. धुरासोबत ते हवेत जातं आणि बंदराजवळच्या माणसांच्या छातीत बसतं. म्हणून २०२० पासून जगभर नियम आला की जहाजाच्या तेलात गंधक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. आधी ही मर्यादा साडेतीन टक्के होती. पण गंधक कमी केलं तरी कार्बन राहतोच. जगात हवा तापवणारा जो वायू सोडला जातो, त्यातला सुमारे तीन टक्के जहाजांचा आहे.

मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं. त्यात गंधक नाही, काजळी फार कमी. साध्या हवेत ते पातळच राहतं, त्यामुळे गॅससारखं दाबून किंवा गोठवून ठेवावं लागत नाही. समुद्रात सांडलं तर तेलासारखा तवंग धरत नाही, पाण्यात विरघळून जातं.

मग जुनं जहाज मिथेनॉलवर कसं आणतात? रिक्षाला सीएनजीची किट बसवतात ना, तसंच समजा. पेट्रोलची टाकी राहते, गॅसची वेगळी टाकी येते, आणि रिक्षा दोन्हीवर चालते. जहाजातही इंजिनाचं डोकं आणि इंधन फवारणारे भाग बदलतात. नवी टाकी, नवे पंप बसवतात. पाइप दुहेरी असतात, म्हणजे आतला फुटला तरी गळती बाहेरच्या पाइपात अडते. अडचण एकच मोठी आहे. मिथेनॉलमध्ये ताकद कमी. तेवढंच अंतर कापायला तेलाच्या जवळजवळ अडीच पट जागा त्याला लागते.

स्वीडनची 'स्टेना जर्मेनिका' ही प्रवासी बोट २०१५ साली अशी बदलली. २०२४ मध्ये चीनच्या गोदीत 'मर्स्क हॅलिफॅक्स' हे मोठं कंटेनर जहाज बदललं. त्याला ८८ दिवस लागले, आणि नव्या टाक्यांना जागा करायला जहाज १५ मीटरनं लांब करावं लागलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत 'अल्बर्ट मर्स्क' या जहाजाचा नामकरण सोहळा झाला. वीस फुटी १६ हजारांहून जास्त कंटेनर मावणारं हे जहाज बांधतानाच तेल आणि मिथेनॉल अशा दोन्ही इंधनांसाठी बांधलेलं आहे.

आता नीट ऐका, कारण खरी मेख इथे आहे. मिथेनॉल स्वच्छ की नाही, हे ते कशापासून बनवलं यावर ठरतं. आज जगातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतं. असं मिथेनॉल जाळलं तर जहाजाचा धूर कमी दिसेल, पण कारखान्यात सोडलेला वायू धरला तर हिशेब तेलाइतकाच निघतो. कोळशाचा तर त्याहून वाईट. म्हणजे घराचा केर शेजारणीच्या दारात लोटला, एवढंच.

खरोखर स्वच्छ मिथेनॉलच्या दोन वाटा आहेत. डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ साली कारखाना सुरू झाला. तिथे सूर्याच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढतात आणि बायोगॅस प्रकल्पातून निघणाऱ्या कार्बन वायूशी तो जोडतात. वर्षाला ४२ हजार टन मिथेनॉल बनवण्याची त्याची क्षमता आहे. दुसरी वाट शेण, काडीकचरा आणि पिकांच्या धसकटांची. कमी हवेत तापवून त्यांचा वायू करायचा आणि त्या वायूचं मिथेनॉल. अडथळा पैशाचा आहे. हे मिथेनॉल अजून तेलापेक्षा बरंच महाग पडतं.

खान्देशात असा काडीकचरा म्हणजे पऱ्हाटी. गुलाबी बोंडअळीच्या धाकानं अनेक जण ती बांधावरच पेटवून देतात. तिचा पांढरा कोळसा करणारे कारखानेही आहेत. पण तीच पऱ्हाटी कित्येक घरांचं वर्षाचं सरपण आहे, आणि ती उपटून, मोळ्या बांधून घरी आणणारी बाईच आहे. जी आज फुकट मिळते तिला उद्या भाव आला तर मजूर बाईच्या चुलीत काय जळणार? आणि भावाचे पैसे कोणाच्या हातात पडणार? हे दोन प्रश्न आपणच विचारायला हवेत.

आणखी एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. मिथेनॉल हे विष आहे. दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायांना विषारी दारू माहीत आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनंच. कारखान्यासाठी आलेला माल चोरवाटेनं गुत्त्यावर पोचतो. वास दारूसारखाच, म्हणून पिणाऱ्याला कळत नाही. त्रास लगेच होत नाही, अर्ध्या-एक दिवसानं डोकं दुखतं, उलट्या होतात, नजर धूसर होते. अशा वेळी ताक-लिंबू पाजत बसू नका. तडक सरकारी दवाखान्यात न्या आणि दारू प्यायल्याचं लपवू नका. वेळेत पोचलं तर जीवही वाचतो आणि डोळेही.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी गावात येऊन 'पऱ्हाटी द्या, हिरवं इंधन बनवू' म्हणालं तर हुरळून जाऊ नका आणि हाकलूनही देऊ नका. आधी चुलीपुरती पऱ्हाटी बाजूला काढा. वजन आपल्यासमोर करून घ्या. तोडणी-वाहतुकीची मजुरी वेगळी ठरवा. पैसे गटाच्या खात्यात येतील असं लिहून घ्या. येत्या बैठकीत यावर बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.