माउस, सुपारी आणि चार सर्व्हो

सकाळी 9:45

शाळा अकराला भरते, पण लॅब त्याआधी उघडावी लागते. आज नववीचा गट माउसने यांत्रिक हात चालवणार आहे. हात म्हणजे मीआर्म. त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे. 3 मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकमधून भाग कापून घ्यायचे आणि चार सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळणाऱ्या छोट्या मोटारी, बसवायचे: एक बुडाला, एक खांद्याला, एक कोपराला, एक चिमट्याला.

आधी वीज बघते. चारही सर्व्हो एकदम जोर लावतात तेव्हा यूएसबीच्या 500 मिलिअँपिअरमध्ये भागत नाही. सर्व्होंना इशारे देणारा आर्डुइनो बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि हात झटका मारतो. म्हणून सर्व्होंना 5 व्होल्टचा, 3 अँपिअरचा वेगळा अॅडॉप्टर दिला आहे. त्याची ग्राउंड वायर आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलेली हवीच. ती सुटली तर सर्व्होला सिग्नल नीट कळत नाही आणि हात वाटेल तसा वळवळतो. वायर ओढून बघितली, घट्ट आहे. खांद्याचा स्क्रू मात्र अर्धा आटा सैल होता.

10:30

गट येण्याआधी फळ्यावर लिहून ठेवते: माउसचं काय हललं की हाताचं काय हलणार.

माउसला दोनच दिशा कळतात. 1960च्या दशकात डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी केलेल्या पहिल्या लाकडी माउसच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवी हालचाल मोजायचं, दुसरं उभी. आता चाकांऐवजी प्रकाश आला, तरी हालचालीचे आकडे दोनच येतात. हाताला मात्र तीन दिशा आहेत आणि वर चिमटा. तेव्हा वाटणी अशी: माउस डावी-उजवीकडे नेला की बूड फिरेल, पुढे-मागे नेला की हात लांब-जवळ जाईल, बोटाखालचं चाक उंची ठरवेल, आणि डावं बटण दाबलं की चिमटा मिटेल.

11:40

पहिलीच मुलगी माउस धरते आणि दोन मिनिटांत ओरडते, “बाई, मी थांबले तरी हात चालतोच आहे!”

मला हा प्रश्न फार आवडतो. प्रोग्रॅम मुद्दामच जुन्या पद्धतीचा ठेवला आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच्या गणिताने काढता येतं. साधा यूएसबी माउस दर 8 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 125 वेळा, आपली खबर देतो. प्रत्येक खबरीला आमचा प्रोग्रॅम तीन कोनांची एक ओळ पाठवतो: नऊ आकडे, दोन स्वल्पविराम, शेवटी ओळ संपल्याची खूण. एकूण 12 अक्षरं. संगणकातून आर्डुइनोकडे जाणाऱ्या सीरियल पोर्टचा वेग 9600 ठेवला तर सेकंदाला 960 अक्षरं जातात, म्हणजे 80 ओळी. आल्या 125, गेल्या 80, उरलेल्या 45 रांगेत. माउस पाच सेकंद फिरवला की सव्वादोनशे ओळी तुंबतात आणि तुम्ही थांबलात तरी हात त्या जुन्या आज्ञा इमानेइतबारे पाळत राहतो.

“मग वेग वाढवू,” एकजण म्हणाला. 115200 केला आणि रांग गेली. ते बरोबरच आहे, पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. सर्व्होला नवा इशारा दर 20 मिलिसेकंदांनीच मिळतो. त्याहून जास्त वेळा सांगून उपयोग काय? मुलांनी प्रोग्रॅम बदलला: दर 20 मिलिसेकंदांनी फक्त ताजी जागा पाठवायची, मधल्या सगळ्या सोडून द्यायच्या. शिवाय हात एकदम तिथे न्यायचा नाही. उरलेल्या अंतराचा पाचवा भाग दर वेळी चालायचा. झटके बंद झाले. वर्गात टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या.

1:30

डबा खाता खाता एका मुलाने विचारलं, असे हात खरोखर कुठे लागतात? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं सांगितलं. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीपलीकडे असतात, माणूस अलीकडे उभा राहून शिसं मिसळलेल्या काचेतून बघतो आणि इकडची मूठ हलवली की तिकडचा चिमटा हलतो. “म्हणजे काच हवीच,” तो म्हणाला. अगदी बरोबर.

2:15

आजचा खरा तास हा. सकाळपर्यंत माउस थेट सांध्यांना जोडलेला होता: पुढे ढकलला की खांदा वाकायचा. टोक सरळ न जाता कमानीत जायचं, आणि चालवणाऱ्याचं सगळं डोकं ‘आता खांदा की कोपर?’ यातच अडकायचं. माझं ठाम मत आहे की माउसने सांधे हलवायचेच नाहीत. टोक कुठे हवं तेवढं माणसाने सांगावं, सांध्यांचा हिशेब प्रोग्रॅमने करावा.

हिशेब नववीच्या भूमितीतला आहे. दंड आणि कोपरापुढचा हात, दोन्ही 80 मिलिमीटर. समजा मनगट खांद्यापासून 96 पुढे आणि 72 वर हवं. पायथागोरसने सरळ अंतर 120. आता 80, 80, 120 हा समद्विभुज त्रिकोण. कोपरातून लंब टाकला की दोन सारखे काटकोन त्रिकोण. अर्ध्या कोनाची साइन 60 भागिले 80, म्हणजे 0.75. अर्धा कोन 48.6 अंश, कोपर 97.2 अंश. मुलांनी कोनमापकाने हातावर ताडून पाहिलं आणि आकडा जवळपास जुळला. पुस्तकातला त्रिकोण टेबलावर वाकलेला दिसला तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

मग मी सरळ अंतर 150 आणि 160 करायला सांगितलं. 150ला कोपर 139 अंश; 160ला तो पूर्ण सरळ, 180. शेवटच्या 10 मिलिमीटरसाठी 41 अंश! त्यातही 158 ते 160 या दोन मिलिमीटरना 18 अंश लागतात. हात लांब केला की कोपर इतकं का उसळतं, ते कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. एकीने स्वतःहून प्रोग्रॅममध्ये मर्यादा घातली: 150च्या पुढे जायचं नाही.

3:30

सुपारी उचलायची. स्पर्धा नाही, सगळ्यांची पाळी येणार.

इथे मुलांना वाटतं, माउस इतका बारीक चालतो तर हातही चालेल. पण हा छोटा सर्व्हो इशाऱ्याच्या लांबीतला 10 मायक्रोसेकंदांहून लहान फरक जुमानतच नाही, आणि 10 मायक्रोसेकंद म्हणजे जवळजवळ एक अंश. बुडापासून 150 मिलिमीटरवर एक अंश म्हणजे टोकाशी 2.6 मिलिमीटर. त्यात सर्व्होच्या प्लॅस्टिकच्या दात्यांमधली ढिलाई आणखी. सर्व्होला स्वतःचा कोन आतून कळतो, पण तो संगणकाला सांगत नाही. चुकलेलं अंतर दिसतं ते फक्त चालवणाऱ्याला. म्हणून मी स्क्रीन बंद करते. “बाणाकडे नाही, चिमट्याकडे बघ.” तीच मुलगी, जी सकाळी ओरडली होती, ती आता सुपारीच्या अलीकडे थांबते, चाक एक खाच खाली, माउस केसभर उजवीकडे, बटण.

“दाबून धरू का बाई?”

धर, पण मिटण्याचा कोन सुपारीच्या जाडीएवढाच ठेव. त्याहून आत मिटायला सांगितलं तर सर्व्हो सुपारीवर जोर लावत राहतो, तापतो आणि दाते सोलले जातात. तिने कोन दोन अंशांनी सैल केला. सुपारी वाटीत पडली.

4:50

बंद करताना आधी हात खाली टेकवायचा, मग अॅडॉप्टर काढायचा. नाहीतर वीज जाताच तो कोसळतो आणि अॅक्रिलिकला तडा जातो. चिमट्याचा सर्व्हो हाताला कोमट लागतोय. पुण्याला जाणाऱ्या सरांना तापकीर गल्लीतून धातूच्या दात्यांचे दोन आणायला सांगितले आहेत. डावखुऱ्या मुलासाठी उद्या बटणं उलटी करायची. प्रोग्रॅममधली ती ओळ तोच बदलणार आहे.