अधिवृक्क गेल्या, पीयूषिका उरली

मूत्रपिंडांच्या माथ्यावर वसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी आणि मेंदूच्या तळाशी, अस्थीच्या लहानशा खोबणीत नांदणारी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पीयूषिका यांच्यामध्ये अंतर बरेच असले, तरी त्यांचा व्यवहार इतका निकटचा आहे की, एकीवर चाललेल्या शस्त्राचे परिणाम दुसरीत कैक वर्षांनीही प्रकट व्हावेत. हुजूर कचेरीतून तालुक्याला ताकीद सुटावी, त्याप्रमाणे पीयूषिकेतून ‘एसीटीएच’ हे संप्रेरक सुटते, अधिवृक्क ग्रंथी त्याबरहुकूम कॉर्टिसॉल निर्माण करतात, आणि रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे झाले की त्याच्याच प्रभावाने वरून सुटणाऱ्या ताकिदी आवरत्या घेतल्या जातात. पीयूषिकेत एसीटीएच स्रवणारी गाठ झाली म्हणजे हा बंदोबस्त ढासळतो. चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात, कातडीवर जांभळे पट्टे उमटतात, रक्तदाब आणि मधुमेह मागे लागतात. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये या विकाराचा संबंध पीयूषिकेतील गाठीशी जोडला, आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले.

आज प्रथम नाकावाटे शस्त्रक्रिया करून पीयूषिकेतील गाठच काढतात. ते साधले नाही, औषधांनीही आवर बसला नाही आणि रुग्णाचा जीव धोक्यात आला, तर दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन औषधरूपाने मिळू लागल्यावर ही शस्त्रक्रिया निभावणे सुकर झाले, आणि तिच्यामागून येणारे एक संकटही दृष्टीस पडले. १९५८ मध्ये डॉन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तेहतीस वर्षांच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली: अधिवृक्क ग्रंथी काढून तीन वर्षे झालेली, त्वचा काळवंडलेली, दृष्टीचे क्षेत्र आकुंचित, पीयूषिकेची खोबणी रुंदावलेली आणि रक्तात एसीटीएच भरमसाट. नेल्सन-विकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेविषयी जे समज प्रचलित आहेत, त्यांची शहानिशा येथे करावयाची आहे.

गैरसमज : अधिवृक्क ग्रंथी काढल्या, म्हणजे रोग मुळासकट गेला.

वस्तुस्थिती : गेले ते कॉर्टिसॉलचे आधिक्य. वजन उतरते, रक्तदाब निवळतो, साखर आटोक्यात येते, आणि हे सारे पाहून रुग्ण व नातलग निर्धास्त होतात. परंतु रोगाचे मूळ जी पीयूषिकेतील गाठ, ती जागच्या जागी असते. पुढे ती वाढली तरी, कॉर्टिसॉल निर्माण करणाऱ्या ग्रंथीच उरल्या नसल्यामुळे, वजन किंवा साखर वाढून तिचा सुगावा लागत नाही.

गैरसमज : ही शस्त्रक्रिया नवी गाठ निर्माण करते, आणि ती प्रत्येकाला होतेच.

वस्तुस्थिती : गाठ बहुधा आधीचीच असते, कधी कधी इतकी सूक्ष्म की एमआरआयमध्येही दिसू नये. अतिरिक्त कॉर्टिसॉलचा तिच्यावर जो थोडाबहुत दाब होता, तो शस्त्रक्रियेनंतर उठतो आणि काहींमध्ये ती फोफावते. किती जणांमध्ये, याविषयी निरनिराळ्या रुग्णालयांचे अनुभव फार भिन्न आहेत. कोठे दहांत एक, तर कोठे जवळजवळ निम्मे. अधिवृक्क ग्रंथीतच गाठ असल्यामुळे ज्यांची एकच ग्रंथी काढली, किंवा फिओक्रोमोसायटोमासारख्या अन्य कारणाने दोन्ही काढल्या, त्यांच्या पीयूषिकेत मुळात अशी गाठ नसल्यामुळे त्यांनी या विकाराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

गैरसमज : कातडी काळी पडते ती उन्हाने किंवा गोळ्यांच्या उष्णतेने.

वस्तुस्थिती : ज्या प्रथिनातून एसीटीएच विलग होते, त्याच प्रथिनातून त्वचेतील रंगपेशींना चेतविणारे संप्रेरकही निपजते, शिवाय एसीटीएच अतोनात वाढले की तेही त्या पेशींवर अंमल गाजवते. आपल्याकडच्या सावळ्या वर्णात हा पालट सहजासहजी ध्यानात येत नाही. म्हणून तळहाताच्या रेषा, बोटांची पेरे, कोपर, हिरड्या आणि शस्त्रक्रियेचे व्रण निरखून पाहावेत, कारण उन्हाने रापलेल्या माणसाच्या हिरड्या काळवंडत नाहीत. याहून घातक गोष्ट अशी की, गोळ्यांना दोष देऊन कोणी कॉर्टिसॉलऐवजी घ्यावयाचे हायड्रोकॉर्टिसोन परस्पर कमी केले, तर दोन्ही ग्रंथी गमावलेल्या देहाला कॉर्टिसॉलचा दुसरा आधारच नसल्यामुळे प्राणावर बेतते.

गैरसमज : एसीटीएचचा आकडा चढला, म्हणजे गाठ वाढलीच, आणि गोळी जास्त घेतली की ती दबेल.

वस्तुस्थिती : अधिवृक्क ग्रंथी गेल्यावर एसीटीएच बहुतेकांमध्ये काहीसे चढलेलेच राहते, त्यामुळे एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, तो सतत चढत चालला आहे काय, हे पाहावे लागते. पुन्हा हे संप्रेरक इतके नाजूक की, सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढलेले रक्त बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवले नाही, तर आकडा खोटाच कमी येतो. गोळीची मात्रा वाढवून गाठ आवरण्याची तजवीज तर आत्मघातकी आहे. तिने गाठ आटोक्यात येईल याचा भरवसा नाही, मात्र ज्या कुशिंग-विकारातून सुटण्यासाठी एवढा अट्टाहास केला, त्याचेच दुष्परिणाम औषधाच्या द्वारे परत येतात.

गैरसमज : ही गाठ म्हणजे मेंदूचा कर्करोग, आणि तिला इलाज नाही.

वस्तुस्थिती : बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, दूरच्या अवयवांत पसरणारी गाठ क्वचितच आढळते. तथापि त्यांतील काही आक्रमक असतात. वर दृक्‌नाड्यांच्या संगमावर दाब आला की समोरचे स्पष्ट दिसत असतानाही दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते, आणि चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला तरी रुग्णाला कारण उमगत नाही. बाजूला पसरली की डोळे वळविणाऱ्या नाड्या दुबळ्या होऊन एकाची दोन दिसतात. शक्य तेथे नाकावाटे शस्त्रक्रिया हा पहिला इलाज; उरलेल्या गाठीवर किरणोपचार; आणि अत्यंत आक्रमक गाठींसाठी टेमोझोलोमाइडसारखी औषधे. गाठ लहान असताना यश मिळण्याची शक्यता अधिक असते, आणि म्हणूनच वेळच्या वेळी तपासणी करण्याला एवढे महत्त्व आहे.

२०२१ मध्ये तज्ज्ञांनी दिलेल्या सल्ल्यानुसार शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पहिला एमआरआय करावा, पुढील तीन वर्षे दरवर्षी, आणि त्यानंतर दोन ते चार वर्षांच्या अंतराने. गाठ पहिल्या काही वर्षांतच वाढण्याचा संभव अधिक असला, तरी फार उशिरा वाढल्याचीही उदाहरणे असल्यामुळे या तपासणीला अखेरची मुदत नाही. त्वचेत पालट, नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत फरक जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता अंतःस्रावतज्ज्ञांना गाठावे. तापात गोळीची मात्रा सांगितल्याप्रमाणे वाढवावी, उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनसाठी विनाविलंब रुग्णालय गाठावे, आणि आपल्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या आहेत असे लिहिलेले कार्ड सदैव खिशात बाळगावे.