दुसरा खंड

कुलपात खोबरेल तेल सोडावं लागलं, तेव्हा किल्ली फिरली. २०२३ च्या जुलैतला उघडिपीचा दिवस होता. दाराची खालची फळी ओलीने फुगून उंबऱ्यात रुतली होती. खांदा लावून दार ढकललं, तर आतून आलेला वास कागदाचा नव्हता. ओल्या पोत्याचा, उंदरांच्या लेंड्यांचा आणि बुरशीचा होता. याच खोलीत मी अकरा वर्षं ग्रंथपाल म्हणून बसत होते.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्यांबरोबर वाचनालयही बंद झालं. त्यानंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर आदळताना त्याने दापोली-मंडणगडलाही झोडपलं. वाचनालयाची पश्चिमेकडची कौलं उडाली आणि त्या बाजूच्या दोन कपाटांवर रात्रभर पाऊस पडला. गावात ज्याच्या त्याच्या घराचं छप्पर गेलेलं, पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या. पुस्तकांकडे बघायला कोणाला सवड नव्हती. ताडपत्री टाकली, एवढंच.

इथपर्यंतचा दोष वादळाचा. पुढचा माझा आहे.

१५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. आम्हीही उघडलं. पण तोवर मी तालुक्याच्या गावी एका कार्यालयात नोकरी धरली होती. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला तेव्हा शासनाचं वर्षाचं अनुदान ३०,००० रुपये होतं. २०२२ च्या अखेरीस साठ टक्के वाढ होऊन ते ४८,००० झालं, म्हणजे महिन्याला ४,०००. त्यातच वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं आणि ग्रंथपालाचा पगार. त्यावर घर चालत नाही, म्हणून नोकरी धरण्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकलं ते पुढे. वाचनालय पूर्ण बंद करायचं किंवा कोणा दुसऱ्याच्या हाती किल्ली द्यायची, तर तसं न करता मी ते कधीतरी उघडत राहिले. आधी आठवड्यातून दोनदा, मग रविवारी, मग कोणी घरी येऊन सांगितलं तर. २०२१ च्या पावसाळ्यानंतर तेही थांबलं.

बंद दारापेक्षा असं बेभरवशाचं दार वाचकाला जास्त लांब नेतं. ‘बंद आहे’ हे माहीत असलं की माणूस उघडण्याची वाट तरी बघतो. तीनदा पाऊस तुडवत येऊन तीनदा कुलूप दिसलं, की चौथ्यांदा तो येत नाही आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

२०२३ च्या जुलैत दार उघडल्यावर पहिले पंधरा दिवस पुस्तकांच्याच मागे गेले. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्र शिकवतात त्यात वर्गीकरण असतं, तालिका असते; पण कोकणातल्या ग्रंथपालाचा निम्मा जन्म ओल आणि किड्यांशी झुंजण्यात जातो. वाळवी भिंतीतून आली होती. लाकडी कपाट भिंतीला टेकलेलं, म्हणून तिने मातीची नळी थेट कपाटाच्या पाठीत नेली आणि तिसऱ्या फळीवरचे धार्मिक ग्रंथ आतून पोखरले. वरून पुठ्ठे शाबूत, हातात घेतले तर माती गळते. कसर वेगळी. तिला कागदापेक्षा बांधणीतली खळ प्रिय, म्हणून ती कण्याशी लागते आणि पुस्तक पाठीतून सुटतं. बुरशी त्याहून वेगळी. ती पडवीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, रंगाच्या कोरड्या ब्रशने कण्याकडून कडेकडे झटकायची. ओल्या फडक्याने पुसली तर पसरते. उन्हात टाकायचा मोह होतो, पण कडक उन्हात पुठ्ठे वाकडे होतात आणि जुना कागद ठिसूळ बनतो. आम्ही पुस्तकं पंख्याखाली उभी करून पानं थोडी विलग ठेवली आणि मध्ये मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले. गुळगुळीत कागदाची मासिकं मात्र हाती लागली नाहीत. भिजून वाळल्यावर त्यांची वीट झाली होती.

तीन ढीग केले: बरी, बांधणीची आणि बाद. बाद करायचं पुस्तक नुसतं फेकता येत नाही. त्याला निर्लेखन म्हणतात. यादी करायची, कार्यकारी मंडळाची मंजुरी घ्यायची, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लाल शाईने शेरा मारायचा. पोखरलेल्या पुस्तकांपुढे तो शेरा मारताना माझा हात अडखळला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यातल्या कित्येक पुस्तकांवर पहिला शिक्का माझ्याच हातचा होता.

बांधणीसाठी गावातले एक निवृत्त काका आले. त्यांच्या वडिलांचा तो धंदा होता. मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. त्याने कसर लागत नाही, पण मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं ठेवायचं. काकांनी माझ्याकडून एक गोष्ट पक्की करून घेतली: “बाई, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. निदान तेवढं करा, नाहीतर मी परत येणार नाही.” आता सगळी कपाटं चार बोटं पुढे आहेत.

१२ ऑगस्टला वाचनालय पुन्हा उघडायचं ठरवलं. तो डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचं भाषण झालं, कांदेपोहे झाले. चाळीसेक माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी साडेचारला मी दिवा लावून बसले आणि सातपर्यंत एकही माणूस आलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन मुलं पावसातून आडोशाला आली आणि सर गेल्यावर गेली.

मोबाइलमुळे लोक वाचत नाहीत, असं अशा वेळी म्हणण्याची पद्धत आहे. मीही म्हणत असे. पण माझ्यापुढे सभासदांच्या कार्डांचा लाकडी खण होता आणि संध्याकाळ मोकळी होती.

आमच्याकडे संगणक नाही. देवघेव कार्डावर चालते. कार्डावर तारीख आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक एवढंच लिहितात, नाव लिहीत नाहीत. म्हणजे कोणी काय नेलं हे कळायला दाखल नोंदवही उघडून तो क्रमांक शोधावा लागतो. रोज संध्याकाळी मी दहा कार्डं घेऊ लागले. आधी नुसते आकडे. मग आकड्यांची पुस्तकं झाली, आणि पुस्तकांमागून माणूस दिसू लागला.

खालच्या आळीतल्या एक वहिनी सुरुवातीला पाककृती आणि व्रतकथा नेत होत्या. मग एकदा त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ नेलं होतं, आणि त्यानंतर कार्डावर दुसरा प्रकारच नव्हता. ‘आहे मनोहर तरी’, ‘बलुतं’, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. एकामागून एक आत्मचरित्रं, आणि मग मार्च २०२०. अकरा वर्षं मी त्यांना पुस्तकं देत होते आणि त्या कशाच्या शोधात आहेत हे मला दिसलं नव्हतं. मी कपाटातून उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ काढलं, पिशवीत घातलं आणि त्यांच्या घरी गेले. लेखिका आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, आई बांबूच्या टोपल्या विणायची, त्यावरून हे नाव, एवढंच सांगितलं. त्यांनी ओटीवरच पहिलं पान उघडलं. चहा मीच आत जाऊन टाकला.

तेव्हापासून मी घरोघर जायला लागले, आणि एक प्रश्न विचारणं सोडून दिलं: “तुम्ही हल्ली येत का नाही?” या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं, वेळ नाही. माणूस ओशाळतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी मी विचारायचे, “शेवटी काय वाचत होतात?” मग लोक बोलतात. पुस्तकाचं नाव आठवत नाही, पण त्यातली म्हातारी आठवते, बोट बुडते तो प्रसंग आठवतो. श्री. ना. पेंडशांच्या वाचकांच्या बाबतीत तर हे फारच. पेंडसे इथले, मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, पण लोक बापूविषयी असं बोलतात की तो परवाच वाटेत भेटला असावा.

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या कार्डावरची शेवटची नोंद होती ‘तुंबाडचे खोत’, पहिला खंड, १४ मार्च २०२०. पेंडशांचीच दोन खंडांची ती अफाट कादंबरी. तुंबाड जगबुडी नदीच्या काठी, खेड तालुक्यात. गुरुजींच्या घरी गेले तर ते आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पहिला खंड घेऊन आले. वादळात त्यांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गेलं होतं, पण पुस्तक कोरडं होतं.

“दोनदा वाचून झाला,” ते म्हणाले. “दुसऱ्यासाठी मी तीनदा आलो होतो, बाई. तिन्ही वेळा कुलूप होतं.”

मी काय उत्तर देणार होते? दुसरा खंड पश्चिमेच्या कपाटात होता, म्हणजे भिजलेल्यांत. तो बांधणीच्या ढिगात गेला होता. पानं तपकिरी, कडा लाटांसारख्या, पण अक्षर न अक्षर वाचता येत होतं. काकांनी त्याला नवा कापडी कणा चढवला आणि पाचव्या दिवशी मी तो गुरुजींना नेऊन दिला. त्यांनी दंड विचारला. साडेतीन वर्षांचा हिशेब त्यांनी मनात करून ठेवला होता.

त्याच रात्री मी कार्यवाहांना फोन केला आणि दंड सरसकट माफ करायला लावला. घरात आमचं पुस्तक अडकलेली माणसं दंडाला भीत नव्हती, मला तोंड दाखवायला लाजत होती. मला त्यांची लाज वाटत होती, त्यांना माझी. पडवीत एक मोठी टोपली ठेवली. पुस्तक टाका, नाव सांगायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात सतरा पुस्तकं आली. एकात अर्ध्यावर मोरपीस होतं. ते तसंच ठेवलं आहे.

बाकी केलं ते साधं. साडेचार ते सात, सोमवार सोडून रोज, पाऊस असो की लग्न. मला जमणार नसेल तेव्हा काका बसतात. पडवीतला दिवा साडेचारला लागलाच पाहिजे, भर उजेडातही, कारण तो रस्त्यावरून दिसतो. गावातली माणसं आत न येता रोज तो दिवा बघत होती, हे मला नंतर कळलं. चाळीस-पन्नास दिवस त्यांनी बघितलं, आणि मग यायला लागली. दाराशी एक टेबल टाकलं. त्यावर वीस पुस्तकं, कणा न दिसता मुखपृष्ठ दिसेल अशी, दर गुरुवारी बदललेली. कपाटात वर्षानुवर्षं उभं असलेलं पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं की दोन दिवसांत जातं. मुलांसाठी ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फेणे अजून चालतो, आणि एकाने नेला की त्याचे तीन मित्र येतात.

गणपतीला, १९ सप्टेंबरला, चाकरमानी आले. त्यांच्यापुढे मी देणगीची पावतीपुस्तकं ठेवली नाहीत. दिवाळी अंकांची मागणी केली: प्रत्येकाने मुंबईहून एक अंक पाठवायचा, त्यावर त्याचं नाव लिहिलं जाईल. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. पण एका घराला दोनच परवडतात. एका वर्गणीत सगळे अंक वाचायला मिळतात म्हटल्यावर जी माणसं पुस्तकाला तयार नसतात तीही येतात, आणि अंक हातोहात फिरतात म्हणून त्यांना आठवड्याला यावंच लागतं. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे एकतीस अंक होते. फेब्रुवारीपर्यंत त्यांची पानं सुटली. काकांनी ती पुन्हा चिकटवली.

सगळे परतले असं नाही. काही सभासद वारले, काही मुलांकडे पुण्या-मुंबईला गेले. त्यांची कार्डं मी वेगळ्या खणात ठेवली आहेत. एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, आता डोळे चालत नाहीत. त्यांच्याकडे दर बुधवारी आठवीतली एक मुलगी तासभर वाचून दाखवायला जाते. देवघेवीच्या नोंदीत ते दोघींच्या नावावर चढवलं आहे.

गुरुजींनी दुसरा खंड सात आठवड्यांनी परत आणला. तो आता तिसऱ्या वाचकाकडे आहे.

तुमच्या घरीही माळ्यावर, कपाटाच्या मागच्या रांगेत एखाद्या गावच्या वाचनालयाचा गोल शिक्का असलेलं पुस्तक असेल. ते वाचनालय उघडं असेल तर जाऊन देऊन या. बंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. पुस्तकासाठी कोणी आपल्या दारी आलं आहे, हे किल्लीवाल्याला कळायला हवं.